वाफेवरची गिरणी

गेल्या वर्षीची गोष्ट. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी औद्योगिक क्रांती शिकवीत होतो. जेम्स वॉट, वाफेचे यंत्र, मँचेस्टरच्या गिरण्या, असे सगळे नेहमीचे चालले होते. तास संपता संपता मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. सावनेरकडची असावी. म्हणाली, "सर, तो गांधीसागरजवळचा मॉल आहे ना, त्याले एम्प्रेस काहून म्हनते?"

वर्ग हसला. मी मात्र हसलो नाही, कारण त्या दिवसाच्या सगळ्या व्याख्यानात तिचा हा एकच प्रश्न नागपूरचा होता. मी पाऊण तास लँकेशायरच्या धुराड्यांचे वर्णन केले आणि आपल्या गावातल्या धुराड्याचे नावही काढले नाही! त्या मुलीला दिलेले उत्तर घाईचे आणि अपुरे होते. ते जरा सावकाशीने, नीट द्यावे म्हणून आजचा हा विषय.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. ज्या जागेवर आज एम्प्रेस सिटी नावाचे व्यापारी संकुल आहे, तिथे पूर्वी एम्प्रेस मिल होती. 1 जानेवारी 1877 रोजी ती सुरू झाली आणि 2002 साली बंद पडली. म्हणजे सव्वाशे वर्षे ती चालली. आता दुसरा भाग. कापडाची गिरणी मुंबईत निघाली हे समजते, पण समुद्रापासून इतक्या आत, नागपूरला का? आणि ती ज्या आकाराची होती त्या आकाराची का झाली? या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच वस्तूत सापडतात. ती वस्तू म्हणजे वाफ.

आधी थोडे मागे जाऊ. हिंदुस्थानातली वाफेवर चालणारी पहिली यशस्वी कापसाची गिरणी मुंबईला ताडदेव येथे कावसजी नानाभाई दावर यांनी काढली. कंपनी 1854 सालची, आणि सूत निघू लागले 1856 मध्ये. दरम्यान 1853 साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली होती. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. युद्ध संपताच तो पूर तितक्याच वेगाने ओसरला आणि मोठमोठ्या पेढ्या बसल्या. या चढउतारात पोळलेल्यांमध्ये टाटांचे घराणेही होते.

त्या घरचा तरुण मुलगा जमशेटजी. जन्म नवसारीचा, 1839 सालचा. 1868 साली त्याने 21,000 रुपयांच्या भांडवलावर स्वतःची व्यापारी पेढी काढली. पुढच्याच वर्षी चिंचपोकळीला बंद पडलेली एक तेलाची गिरणी विकत घेऊन तिची कापसाची गिरणी केली, तिला अलेक्झांड्रा मिल नाव दिले, आणि दोन वर्षांत नफ्याने विकून टाकली. त्यानंतर तो लँकेशायरला जाऊन गिरण्यांचा धंदा मुळापासून पाहून आला. परत आल्यावर त्याने मुंबईत गिरणी काढली नाही. नागपूरचा नकाशा पुढे घेतला.

मित्रांना हा वेडेपणा वाटला, आणि तसे वाटणे साहजिक होते. मुंबईत बंदर होते, पेढ्या होत्या, यंत्रे उतरवून घेण्याची सोय होती. मुंबईच्या हवेत दमटपणाही होता, आणि सुताला दमट हवा लागते. नागपूरचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे! वैशाखात इथे ओले धोतर दोरीवर टाकून मागे वळावे तो वाळते. अशा कोरड्या हवेत कापसाचा धागा ठिसूळ होतो आणि पटापट तुटतो.

मग नागपूरच का? आता हिशेब पाहा. वर्धेचा, हिंगणघाटचा, वऱ्हाडचा कापूस त्या काळी गठ्ठे बांधून रेल्वेने मुंबईला जाई. तिथून बोटीने लिव्हरपूलला. तिथून मँचेस्टरच्या परिसरातल्या गिरण्यांत. तिथे त्याचे कापड होई आणि तेच कापड पुन्हा बोटीने मुंबईला, मुंबईहून रेल्वेने नागपूरच्या इतवारीत येई. ज्या शेतकऱ्याने कापूस वेचला, त्याच्याच अंगावर तो अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून धोतर होऊन पडे. या वळशाचे भाडे, विमा, दलाली हे सगळे कोण भरी? अर्थातच धोतर नेसणारा.

जमशेटजीने हा वळसा तोडायचे ठरवले. कापूस दाराशी होता. मुंबईहून निघालेली रेल्वे 1867 साली नागपूरला पोचली होती. गिऱ्हाईक मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात घरोघर होते. राहता राहिली वाफ, आणि वाफेला दोनच गोष्टी लागतात, कोळसा आणि पाणी. चांदा जिल्ह्यात वरोऱ्याला 1870 च्या दशकात सरकारी कोळसाखाण सुरू झाली. आज वरोरा म्हटले की आपल्याला आनंदवन आठवते, पण त्या काळी वरोरा म्हणजे कोळसा. आणि पाणी? गोंड राजा चांद सुलतान याच्या काळातले जुम्मा तलाव शहरात होतेच. शुक्रवारी तलाव म्हणतात तेही हेच, आणि आजचा गांधीसागरही हाच.

1874 साली कंपनी स्थापन झाली. नाव लांबलचक: सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. भांडवल 15 लाख रुपये. तळ्याजवळची जागा दलदलीची होती. तिथे भर घालण्यासाठी गाड्यांमागून गाड्या माती पडू लागली. एका मारवाडी सावकाराची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगतात. त्याच्याकडे भांडवल मागायला गेले तेव्हा तो म्हणाला की, हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, याला पैसे कोण देईल? पुढे गिरणी भरभराटीला आली तेव्हा तोच सावकार म्हणाला की, त्याने सोने पुरले नाही, त्याने माती घातली आणि सोने काढले. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यात एक अर्थशास्त्र आहे. आमच्याकडचा पैसा त्या वेळी जमीन, दागिने आणि सावकारी यांतच फिरत होता. धुराड्यात पैसा घालायचा असतो, ही कल्पना नवीन होती.

1 जानेवारी 1877 हा दिवस का निवडला? त्या दिवशी लॉर्ड लिटनने दिल्लीला दरबार भरवून व्हिक्टोरिया राणी ही हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर केले. त्याच मुहूर्तावर गिरणी सुरू झाली आणि तिला लोक एम्प्रेस म्हणू लागले. कंपनीचे खरे नाव कागदावर राहिले. श्रोत्यांनी याच तारखेशी आणखी एक गोष्ट जोडून लक्षात ठेवावी. दिल्लीत हा दरबार चालू असता दख्खनमध्ये 1876 ते 1878 चा भयंकर दुष्काळ सुरू होता. पुणे, सोलापूर, नगर या भागांतली माणसे खडी फोडायच्या कामावर जात होती. एकीकडे सम्राज्ञीचा जयजयकार, एकीकडे उपाशी माणसे, आणि या दोहोंच्या मध्ये नागपूरला एक भोंगा वाजू लागला. ज्या नावाने ही गिरणी सव्वाशे वर्षे ओळखली गेली ते नाव राज्यकर्त्यांचे होते. तिच्यातला कापूस, घाम आणि बराचसा पैसा मात्र आपला होता.

आता त्या इमारतीकडे वळू. वाफेच्या काळातली गिरणी मला नेहमी एखाद्या प्राण्यासारखी वाटते. तिला पोट असते, श्वास असतो, पाठीचा कणा असतो, आणि इमारतीचा प्रत्येक भाग या गरजांप्रमाणे बांधलेला असतो. जगातल्या कुठल्याही जुन्या गिरणीसमोर उभे राहा, तिचे अवयव ओळखू येतात.

पोट म्हणजे बॉयलरघर. त्या काळी गिरण्यांतून लँकेशायर बॉयलर फार लोकप्रिय होता. हे एक आडवे, लांबलचक लोखंडी पिंप. त्याच्या पोटातून दोन नळ्या आरपार गेलेल्या असत. त्या नळ्यांच्या तोंडाशी कोळसा जळे, ज्वाळा नळ्यांतून वाहत, आणि भोवतीचे पाणी उकळून वाफ होई. ही रचना इंग्लंडात 1844 साली निघाली आणि ती इतकी भरवशाची ठरली की, पुढची शंभर वर्षे टिकली. बॉयलरपुढे उभा राहून फावड्याने कोळसा मारणारा माणूस म्हणजे आगवाला. मे महिन्यातल्या नागपुरात हे काम कसे असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

श्वास म्हणजे धुराडे. ते उंच का बांधायचे? धूर लोकांच्या नाकातोंडात जाऊ नये म्हणून, असे पुष्कळांना वाटते. ते एक कारण झाले, पण मुख्य कारण वेगळे आहे. गरम हवा हलकी असते, ती वर जाते आणि जाताना खालून थंड हवा ओढून घेते. धुराडे जितके उंच, तितकी ओढ जोराची. म्हणजे धुराडे हा कोळशाला फुंकर घालणारा भाता आहे, तोही न थकणारा. आपल्या आया चुलीला फुंकणीने जे करीत, तेच काम शेकडो फूट विटांचा मनोरा करी.

आता पाणी. बॉयलरला पाणी लागते हे उघड आहे. परंतु गिरण्या तळ्याकाठी बांधण्याचे खरे कारण बॉयलर नव्हे, तर संघनक. वॉटने केलेली मोठी सुधारणा हीच. एक शेर पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा व्यापते. ही वाफ यंत्राच्या नळकांड्यातला दट्ट्या ढकलते. ढकलून झाल्यावर तिला वेगळ्या भांड्यात नेऊन एकदम थंड केले की तिचे पुन्हा चमचाभर पाणी होते आणि मागे पोकळी राहते. ती पोकळी दट्ट्याला दुसऱ्या बाजूने ओढते. पुढून ढकल, मागून ओढ, असे दुहेरी काम. मात्र एक शेर वाफ थंड करायला पंचवीस-तीस शेर गार पाणी लागते! म्हणून जिथे वाफेची गिरणी तिथे शेजारी तलाव, नदी नाहीतर खास खणलेला हौद. जुन्या गिरणीच्या आवारात हौद दिसला तर तो शोभेचा आहे असे कृपा करून समजू नका.

कणा म्हणजे शक्ती वाहून नेणारा दांडा. हे समजायला आजच्या विद्यार्थ्यांना जरा जड जाते. आज प्रत्येक यंत्राला स्वतःची विजेची मोटर असते. त्या काळी सबंध गिरणीला मिळून एकच मोठे यंत्र असे. त्याच्या अजस्र चाकाची गती आधी दातेरी चाकांनी आणि उभ्या दांड्यांनी, आणि पुढच्या काळात मनगटाएवढ्या जाड सुती दोरांनी, मजल्यामजल्यावर पोचवीत. प्रत्येक मजल्यावर आढ्याला लागून एक लांब लोखंडी दांडा फिरत असे. त्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली यंत्रांवर उतरत. इंजिन थांबले की सगळी गिरणी थांबली आणि इंजिन फिरले की सगळी फिरली. हजार माणसांनी एकाच ठोक्याला कामाला लागायचे, ही शिस्त व्यवस्थापकाच्या डोक्यातून निघाली नाही, ती त्या दांड्यातून निघाली. घड्याळ नसलेल्या गावाला भोंग्याची गरज का पडली, हे आता लक्षात येईल.

गिरणीला मजले असण्याचे कारणही हेच. दांडा फार लांब केला तर घर्षणात शक्ती वाया जाते. म्हणून सूत काढण्याची यंत्रे एकावर एक मजल्यांवर रचली म्हणजे सगळी इंजिनाच्या जवळ राहतात. मागांची गोष्ट मात्र निराळी. माग चालताना धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला दणका बसतो. असे शेकडो माग वरच्या मजल्यावर ठेवले तर इमारत हादरते. म्हणून मागखाते जमिनीवर, एकमजली, आणि त्याचे छप्पर करवतीच्या दातांसारखे. त्या दातांची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. उत्तरेचा उजेड सारखा आणि शांत असतो, ऊन थेट आत येत नाही, आणि तुटलेला धागा नजरेला दिसतो. पाहा, छपराच्या आकाराचासुद्धा धाग्याशी संबंध!

अशा सांगाड्यात एम्प्रेस मिल सुरू झाली. आरंभी सुमारे 30,000 चात्या आणि 450 माग होते. पण सुरुवात काही फार शुभ झाली नाही. पहिली यंत्रसामग्री स्वस्तात घेतलेली, सुमार प्रतीची निघाली. माल चांगला होईना. जमशेटजीने चूक कबूल केली आणि यंत्रे बदलायला सुरुवात केली. गिरणी चालवायला त्याने नेमलेला माणूसही नवलाचा होता. बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालखात्यातले अधिकारी. कापडधंद्याची त्यांना माहिती नव्हती, पण माणसे आणि काम हाताळण्याची हातोटी होती. त्यांच्या जोडीला जेम्स ब्रुक्सबी हा इंग्रज यंत्रज्ञ. या जोडीने पुढे गिरणी नावारूपाला आणली.

त्यांच्या काळातली मोठी गोष्ट म्हणजे रिंग पद्धतीची चाती. पूर्वीच्या म्यूल यंत्राची गाडी पुढे जाई तेव्हा सूत पिळले जाई, आणि मागे येई तेव्हा ते गुंडाळले जाई. म्हणजे काम टप्प्याटप्प्याने चाले. रिंगमध्ये पीळ देणे आणि गुंडाळणे एकदमच चालते, यंत्र थांबत नाही. लँकेशायरचे गिरणीवाले आपल्या म्यूललाच चिकटून बसले असता, नागपूरच्या या गिरणीने 1880 च्या दशकातच रिंग चाती स्वीकारली. शिष्याने गुरूच्या आधी नवी विद्या उचलली असे म्हणावे लागेल. कोरड्या हवेवर उपाय म्हणून हवेत ओलावा सोडणारी उपकरणे आली. कापसाच्या गिरणीत आगीची भीती कायमची, कारण उडणारी धूळही पेट घेते. त्यासाठी छताला पाण्याचे फवारे बसवले गेले. या दोन्ही सोयी हिंदुस्थानात अगदी लवकर ज्या गिरण्यांत आल्या त्यांत एम्प्रेस होती. गिरणी वाढत गेली आणि एकाच्या पुढे पाच झाल्या.

इथवर यंत्रांचे झाले. आता माणसांकडे येऊ, कारण त्यांच्यावाचून गिरणी म्हणजे नुसते लोखंड.

नागपूर हे आधीपासून विणकरांचे गाव. इथल्या कोष्ट्यांची रेशीमकाठी लुगडी आणि धोतरे दूरवर जात. विलायती कापडाने त्यांचा धंदा आधीच खिळखिळा केला होता. आता दाराशीच गिरणी आली. तिने त्यांना मारले की तारले? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. गिरणीच्या कापडाने हातमागाशी स्पर्धा केली हे खरे. परंतु त्या काळच्या देशी गिरण्या कापडापेक्षा सूत पुष्कळ काढीत, आणि ते सूत हातमागवाल्यांनाच विकले जाई. एका हाताने गिऱ्हाईक नेले, दुसऱ्या हाताने कच्चा माल दिला. कित्येक कोष्टी घरांतून एक भाऊ हातमागावर आणि दुसरा गिरणीत, अशी वाटणी झाली.

दुसरा मोठा वर्ग अस्पृश्य मानलेल्या समाजाचा, विशेषतः महारांचा. गावकीत वतनाची आणि बलुत्याची कामे करणाऱ्या या माणसांना गिरणीने पहिल्यांदा रोख पगार दिला. पाटलाच्या दारात वाट पाहण्याऐवजी पगाराच्या खिडकीशी नाव पुकारले जाणे, हा फरक थोडाथोडका नव्हता. पण गिरणीच्या आतही जात होतीच. मुंबईच्या गिरण्यांतला दस्तूर प्रसिद्ध आहे. मागखात्यात पगार जास्त, आणि नेमके तेच खाते अस्पृश्यांना बंद. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरली की तिचा धागा डोळ्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने कसा लावायचा? 1928 च्या मुंबईतल्या संपात डॉ. आंबेडकरांनी हे खाते सर्वांना खुले करा, ही मागणी धरून ठेवली ती याच कारणाने. वाफेला जात कळत नव्हती, पण वाफेवर काम करणाऱ्यांना ती विसरता आली नाही. तरीही रोजचा पगार, वस्तीतली शाळा आणि संघटना यांतून नागपुरात एक ताठ मानेचा कामगारवर्ग उभा राहिला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर जो अफाट जनसमुदाय लोटला त्यात गिरणीवाल्यांची घरेच्या घरे होती.

कामाचे तास? विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तर कामही मोठे! पहिला कारखाना कायदा 1881 साली आला आणि तोही मुख्यतः मुलांपुरता. साप्ताहिक सुटी मिळावी म्हणून मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. 1890 साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. एम्प्रेस मिलमध्ये तर सुरुवातीच्याच वर्षी, 1877 मध्ये, पगाराच्या दरावरून कामगारांनी काम थांबवले. हिंदुस्थानातल्या गिरणी संपांच्या इतिहासात पहिल्या नोंदींपैकी ही एक. गिरणी आणि संप यांचा जन्म आपल्याकडे एकाच वर्षी, एकाच आवारात झाला, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. या गिरणीने 1886 साली निवृत्तिवेतनाचा निधी, 1895 साली अपघाताची भरपाई आणि 1901 साली भविष्यनिर्वाह निधी सुरू केला. अपघात भरपाईचा कायदा आपल्याकडे आला 1923 मध्ये, आणि भविष्यनिर्वाह निधीचा 1952 मध्ये. कायद्याच्या आधी जी गोष्ट घडली तिचे मोल वेगळे. त्यात दया किती आणि व्यवहार किती, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. मी सांगतो, दोन्ही. शेतीच्या हंगामात माणसे गावी निघून जात, शिकवून तयार केलेला हात निसटून जाई. तो टिकवायचा तर त्याच्या म्हातारपणाची काही सोय करणे हा शहाणपणाचा धंदा होता. शहाणपणाचा धंदा आणि माणुसकी एका वाटेने चालली, तर त्यात वाईट काय?

जमशेटजी 1904 साली वारले. पश्चिम घाटातल्या पाण्यावर वीज काढण्याची त्यांची कल्पना 1915 साली खोपोलीला प्रत्यक्षात आली आणि मुंबईच्या गिरण्यांची धुराडी एकेक करून थंड होऊ लागली. वाफेवर घर बांधलेल्या माणसानेच वाफेला पर्याय शोधून ठेवला होता! सगळीकडे तसेच झाले. दोर उतरले, दांडे निघाले, प्रत्येक यंत्राला मोटर आली. पण इमारतींचा आकार वाफेचाच राहिला. मोटरीला मजले लागत नव्हते, हौद लागत नव्हता, धुराडे लागत नव्हते. तरी ते सगळे उभे होते, जसे घरातला कर्ता माणूस गेल्यावरही त्याची खुर्ची जागच्या जागी राहते.

पुढची कथा भरभर सांगतो, कारण ती अनेक गावांची एकच आहे. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा, कृत्रिम धागा, वाढता खर्च. मुंबईत जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला आणि गिरणगावाचे चित्र कायमचे पालटले. नागपूरची एम्प्रेस मिल 1986 साली राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 साली कायमची बंद झाली. जमीन विकली गेली आणि तिथे दुकाने, उपाहारगृहे, घरे उभी राहिली.

याच 1982 साली इंग्लंडात बर्नलीजवळ हार्ल साइक येथे क्वीन स्ट्रीट मिल नावाची विणकामाची गिरणी बंद पडली. ती 1894-95 साली बांधलेली आणि शेवटपर्यंत वाफेवर चाललेली. पाचशे अश्वशक्तीचे तिचे इंजिन, बॉयलर, धुराडे, आणि पट्ट्यांसकट काही शे माग लोकांनी जागच्या जागी राखले. गिरणीचे वस्तुसंग्रहालय झाले. तिथे इंजिन सुरू केले की आढ्याचा दांडा फिरतो, माग खडखडू लागतात, आणि शाळेतल्या मुलांना कानांवर हात ठेवून समजते की पणजोबा काय करीत होते. तीच यंत्रविद्या, तसेच माग, आपल्याकडच्या गिरण्यांतही होते. त्यांनी एक गिरणी राखली. आपण एका नावावर भागवले.

मी जुन्याचा भाबडा भक्त नाही. गिरणीतली धूळ छातीत जात होती, मागखात्याच्या आवाजाने माणसे बहिरी होत होती, हे मला ठाऊक आहे. बंद पडलेली प्रत्येक गिरणी राखावी असेही कोणी म्हणणार नाही. शहराला जागा लागते, माणसांना नवी कामे लागतात. परंतु ज्या इमारतीने या गावाला वेळ शिकवली, रोख पगार शिकवला, संप शिकवला आणि एकत्र राहायला शिकवले, तिच्यातला एक दांडा, एक माग, एक धोटा मुलांना दाखवता येत नसेल, तर वर्गात मँचेस्टर शिकवण्यावाचून मास्तराला दुसरा उपाय राहत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी एक केले. आमच्या वस्तीत एक वृद्ध आजोबा राहतात, उमेदीची सगळी वर्षे सूतखात्यात काढलेले. त्यांना एका शनिवारी वर्गात बोलावले. भाषण त्यांना जमेना. शेवटी त्यांनी एका मुलाकडून शिवणाचा दोरा मागितला, तो मधोमध तोडला आणि दोन्ही टोके बोटांत धरली. आम्हाला काही दिसण्यापूर्वी गाठ पडलेली होती. इतकी बारीक की दोरा बोटांतून ओढला तरी ती लागेना. मुलांनी पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावले. एकाने विचारले, "आजोबा, एवढ्या यंत्रांत तुटलेला धागा दिसे कसा?"

म्हातारा हसला. म्हणाला, "डोळ्याले नाही दिसत बाबू. बोटाले समजते."

तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही. ती सावनेरची मुलगी पुढे येऊन गाठ मारायला शिकत होती. चौथ्या खेपेला तिला जमली.